दुःखाला जायचंच

आईचा एक नियम होता. लग्न चुकलं तर आहेर मागाहून देता येतो, बारशाला नाही गेलं तरी कुणाचं अडत नाही, पण मातीला चुकवायचं नाही. कोल्हापूरकडे अंत्ययात्रेला जाणं म्हणजे मातीला जाणं. आई सकाळचा पेपर हातात आला की आधी निधनवार्ता वाचायची, मग बाकीचं जग. तिकडच्या निधनवार्तांचा शेवट ठरलेला असतो: पश्चात कोण कोण आहे आणि रक्षाविसर्जन कधी आहे. आई वेळ पाहून ठेवायची, घरातली कामं लवकर उरकायची आणि कपाटातली ठरलेली फिक्या रंगाची साडी नेसून निघायची. गेलेला माणूस आमच्या घरी कधी आलेला असो वा नसो. कुणाच्या तरी जावेची आई, बाबांच्या कचेरीतला शिपाई, दूधवाल्याचा सासरा. “तुझी त्यांची ओळख तरी होती का?” असं मी विचारलं की म्हणायची, “गेलेल्याला कशाला लागतीय ओळख? घरात राहिलेत त्यांची आहे की.” यापलीकडे ती काही समजावून सांगत नसे.

मला हा नियम पन्नाशी उलटेपर्यंत पटला नाही. आता पटलाय. तो कसा पटला हे सांगताना जुन्या मताची टिंगल करायची माझी इच्छा नाही, कारण ते मत विचार करून बनवलेलं होतं आणि त्यातला बराच भाग मी आजही सोडलेला नाही.

मी पुण्यात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. तरुणपणी आगरकर वाचले, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची व्याख्यानं ऐकली. ज्या शहरात सनातन्यांनी आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, त्या शहरात राहून मरणाभोवतीच्या कर्मकांडाकडे भाबडेपणानं पाहणं मला शक्यच नव्हतं. माझे आक्षेप तीन होते. एक, ज्याच्या मरणाचं आपल्याला दुःख झालेलं नाही त्याच्या घरी तोंड पाडून बसणं हे ढोंग आहे. दोन, ज्यांच्यावर आघात झाला आहे त्यांना एकांत हवा असतो, आणि आपण तिथं चपलांचा ढीग घालतो. तीन, हे सगळं दहावं-तेरावं ज्या शास्त्रावर उभं आहे ते शास्त्रच मुळात विषमतेचं आहे. हा तिसरा आक्षेप नुसता रागाचा नव्हता, त्याला पुरावा होता. मनुस्मृतीत सुतकाचे दिवस वर्णाप्रमाणे वाटून दिलेले आहेत: ब्राह्मणाला दहा, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला महिना. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातल्या चौथ्या खंडात अशौच, अंत्येष्टी, श्राद्ध यांची सविस्तर चर्चा आहे, आणि तो चाळला की यात किती बारीक भेद केले आहेत ते कळतं. जो जितका खालचा, तो तितका जास्त दिवस विटाळलेला. बाप मेल्याचं दुःखसुद्धा जात पाहून मोजणाऱ्या शास्त्राचं मी काय म्हणून ऐकायचं?

बाबा गेले तेव्हा मी तिशीत होते. घरात पहिल्या तासाभरातच माणसं मावेनाशी झाली. चुलत्यांनी एकमेकांत न बोलता कामं वाटून घेतली. एक डॉक्टरांच्या दाखल्यामागे, एक महापालिकेत, एक गावाकडच्यांना फोन करायला. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी लोक दान देतात, त्यामुळे कोल्हापुरात गरिबालाही मरणाचा खर्च अंगावर येत नाही. तरी तिथं आधी जाऊन उभं राहणारं कुणीतरी लागतंच, आणि ते आपसूक गेलं होतं. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. याला कडू घास म्हणतात. आईला दोघी-तिघींनी धरून दोन घास खायला लावले.

नंतरच्या दिवसांत मला सगळ्यात असह्य झालं ते आईचं बोलणं. कुणीही बाई दारात आली की विचारायची, “कसं झालं वो?” आणि आई पहिल्यापासून सुरू करायची. सकाळी उठले, चहा घेतला, पेपर वाचला, म्हणाले जरा पाठ टेकतो. प्रत्येक वेळी तेच शब्द, तोच क्रम, ‘पाठ टेकतो’पाशी तोच हुंदका. ती बाई उठून गेली की दुसरी यायची आणि पुन्हा चहापासून सुरुवात. मला वाटायचं, ही माणसं जखमेची खपली रोज काढताहेत. मी एकदा दारातच एका बाईंना सांगितलं, आई आता झोपली आहे. आई झोपलेली नव्हती. आतून तिचा आवाज आला, “कोण आलंय? येऊ दे त्यांना.” दहावा झाला तशी मी पुण्याला निघून आले, आणि ओळखीच्यांत सांगून टाकलं की आमच्या घरी हे शेवटचं, माझ्या वेळी असलं काही होणार नाही.

एप्रिल २०२१मध्ये आई गेली. झोपेतच गेली, वय झालं होतं. राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि जिल्हा ओलांडायला ई-पास पुन्हा सुरू झाला होता. मी पोचेपर्यंत भावानं सगळी तयारी केली होती. वीस माणसांची परवानगी होती, आमच्याकडे तेवढीही झाली नाहीत. नातेवाइकांतले म्हातारे घराबाहेर पडत नव्हते, तरुण स्वतःच्या घरातली आजारपणं निस्तरत होते. ज्या बाईनं सगळ्या पंचक्रोशीतल्या दारांत जाऊन बसण्यात आयुष्य घालवलं, तिच्या दारात कुणी येऊ शकलं नाही.

मी इतकी वर्षं जे मागत होते ते सगळं असं आयतं मिळालं. चपलांचा ढीग नाही, हुंदके नाहीत, भटजी नाही, जेवणावळ नाही. एकांत हवा होता, तर एकांत होता. भावाला आणि मला वाटलं होतं, दोघंच आहोत तर मनातलं बोलता येईल. झालं उलटंच. शेवटच्या रात्रीची आमच्या दोघांची आठवण वेगवेगळी होती. मी तिच्याशी फोनवर बोलले होते, तो तिच्या खोलीत जाऊन आला होता. ‘तेव्हा डॉक्टरांना बोलवायला हवं होतं का’ हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि एकमेकांना विचारायची हिंमत दोघांत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं लॅपटॉप उघडून कामाला सुरुवात केली. मी कपाटं आवरायला घेतली.

फोन येत होते, नाही असं नाही. पण फोनवरचं सांत्वन अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. पलीकडचा माणूस गप्प बसू शकत नाही, कारण फोनवर गप्प बसलं की फोन कट झाल्यासारखं वाटतं. म्हणून तो बोलतो. देवाची इच्छा, वय झालं होतं, त्रास नाही झाला हे काय कमी आहे, तुम्ही काळजी घ्या. आणि आपण त्याला धीर देतो, हो हो, आम्ही ठीक आहोत. शिवाय त्या महिन्यात ‘कसं झालं’ असं कुणी विचारतच नव्हतं. सगळ्यांनी मनातल्या मनात कोरोना धरला होता आणि विचारायला लोक कचरत होते. व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी सगळ्यांना उलट जोडलेले हात पाठवत होते.

मग एका संध्याकाळी गल्लीतली एक बाई आली. आईची भिशीतली मैत्रीण. तोंडाला मास्क, पदर डोक्यावर. फाटकाच्या कट्ट्यावर तिनं डबा ठेवला, चार पावलं मागं सरकून रस्त्यात उभी राहिली आणि विचारलं, “आदल्या रात्री जेवल्या होत्या का गं?”

या एका प्रश्नावर मी बोलायला लागले. आई काय जेवली, भाताला नको म्हणाली, दूध घेतलं, मला फोनवर काय म्हणाली, सकाळी भावानं हाक मारली तेव्हा काय झालं. आतून भाऊ आला आणि त्यानं त्याचा भाग सांगितला. डॉक्टरांचा प्रश्नही निघाला. त्या बाईनं सल्ला दिला नाही, समजूतही घातली नाही. फक्त मध्ये मध्ये विचारत राहिली: मग? मग काय झालं? सगळं सांगून झालं तेव्हा अंधार पडला होता. आईच्या शेवटच्या दिवसाची एक सलग हकीकत तेव्हा पहिल्यांदा तयार झाली. ती माझी एकटीची नव्हती, भावाचीही नव्हती, आमची दोघांची होती. त्या रात्री आम्ही दोघं डब्यातलं पिठलं खात बराच वेळ बोलत बसलो.

मी दारातून ज्या बाईंना परत पाठवायला निघाले होते त्यांचा प्रश्न हाच होता. आणि आई तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती याचं कारण मला इतक्या वर्षांनी उमगलं. एकदा सांगून ती गोष्ट खरी वाटत नाही. दहा जणींना सांगावी लागते, तेव्हा कुठं ती आपल्या तोंडात बसते. ज्याला मी खपली काढणं समजत होते, ते आई स्वतःला पटवून देत होती, आणि तिला त्यासाठी ऐकणारं नवं माणूस दर वेळी लागत होतं. घरातली माणसं या कामाला चालत नाहीत, त्यांना गोष्ट आधीच माहीत असते. म्हणून दूधवाल्याच्या सासऱ्याला न पाहिलेली बाई तिथं उपयोगी पडते. ओळख नसणं हीच तिची पात्रता. माझा पहिला आक्षेप तिथं गळून पडला.

दुसरा आक्षेप, एकांताचा, हळूहळू गेला. मला आता असं वाटतं की एकांत ही मागावी लागणारी गोष्ट आहे आणि सोबतही मागावी लागणारी गोष्ट आहे, पण ज्याच्या घरात मरण झालं आहे त्याला दोन्ही मागायचं बळ नसतं. रिवाज एवढंच करतो की मागायची गरज ठेवत नाही. येणाऱ्यालाही विचार करावा लागत नाही की मी जावं का, त्यांना आवडेल का, काय बोलू. वेळ ठरलेली, कपडे ठरलेले, प्रश्नही ठरलेला. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२च्या ग्रंथात म्हटलं होतं की शोक ही केवळ मनातून उमटणारी भावना नाही, समाजानं व्यक्तीवर घातलेलं ते कर्तव्य आहे. तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला ते ढोंगाचा पुरावा वाटलं होतं. म्हणजे बघा, हे रडणं आतून येतच नाही! आता तेच वाक्य मला दिलासा देतं. दुःख वाटल्याशिवाय जायचं नाही असा नियम केला, तर दुःखी माणसाच्या दारात कोण जाणार? आपल्या भावना खऱ्या आहेत की नाहीत हा आपला प्रश्न आहे, त्याच्या घरातल्या चुलीचा त्याच्याशी संबंध नाही.

वेळेच्या हिशोबाबद्दलही माझं मत बदललं. तिसऱ्या दिवशी सावडायचं, दहावा, तेरावं, मग महिन्याचं, मग वर्षश्राद्ध. पूर्वी मला यात फक्त भटजीची मिळकत दिसायची. पण हे अंतर कसं वाढत जातं ते पाहा: आधी रोज, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, मग वर्षानं. माणसाला एकदम सोडून न देता हळूहळू सुटा करत नेणारी ही मांडणी आहे. आधुनिक मानसोपचारानंही शेवटी तारीख ठरवलीच. लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून निदान करायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ताज्या वर्गीकरणात किमान सहा महिने जावे लागतात, आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२मध्ये प्रौढांसाठी हा काळ किमान वर्षाचा ठरवला. म्हणजे वर्षाच्या आत कुणी रडत असेल तर त्याला आजारी म्हणू नका. वर्षश्राद्धापर्यंत सणवार न करणाऱ्या घराला आपल्याकडे कुणी आजारी म्हणत नव्हतंच. दोन्हींचा पाया एक आहे असं मी म्हणत नाही. पण वेगळ्या वाटांनी आलेली माणसं साधारण एकाच गावाला पोचली, याची संख्याशास्त्राच्या शिक्षिकेला दखल घ्यावी लागते.

आणि हे फक्त हिंदूंचंही नाही, हे तर आईच्या त्या निधनवार्तांच्या पानावर रोज छापून येत होतं. एकाच्या नावाखाली रक्षाविसर्जन, दुसऱ्याच्या खाली जियारत, तिसऱ्याच्या खाली जलदान विधी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा असते. कोकणातल्या बेने इस्रायलींसह सगळ्या ज्यूंमध्ये सात दिवस घरात बसायचं असतं आणि लोकांनी भेटायला यायचं असतं. मेल्यानंतर माणसाचं काय होतं याबद्दल यांतल्या कुणाचं एकमेकांशी पटत नाही. मागे राहिलेल्यांचं काय करायचं याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत दिसतं: ठरावीक दिवस, ठरावीक वेळी, त्यांच्याकडे जा.

मी ज्यांना आपलं मानत होते त्या सुधारकांनीही हे ओळखलं होतं. माझ्याच वाचनातून ते निसटलं होतं. महात्मा फुल्यांनी भटजी नाकारला, पण विधी नाकारले नाहीत. १८८७मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजासाठी पूजाविधींची स्वतंत्र पुस्तिकाच काढली. मधला दलाल हटवला, जमणं ठेवलं. १८९०मध्ये ते गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरून पुढं चालल्या त्या त्यांच्या पत्नी सावित्रीबाई. विधी मोडायचा असता तर टिटवंच टाकून दिलं असतं. त्यांनी ते धरणारा हात बदलला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या समाजात आज जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होतं, वंदना होते, माणसं येतात, बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात. पिंड गेला, माणसं राहिली. मी मात्र पिंडाबरोबर माणसांनाही बाहेर काढायला निघाले होते.

इथवर लिहिल्यावर मला थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण माझा तिसरा आक्षेप गेलेला नाही.

बाबा गेले तेव्हा आईला दोन घास भरवणाऱ्या ज्या बायका होत्या, त्यांच्यातल्याच काहींनी नंतर तिच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. तेच हात. तीच माया, असंही त्यांना वाटत होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नाही, पण नंतर कुठल्याही घरी ती सांत्वनाला गेली आणि हा कार्यक्रम सुरू झाला की उठून बाहेर यायची. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आई एक वर्ष आधी गेली होती. तिला हे पेपरात वाचायला मिळालं असतं तर निधनवार्तांच्या आधी तिनं ते पान वाचलं असतं, असं मला वाटतं.

जमणाऱ्या माणसांकडे न जमण्याची ताकदही असते, हेही विसरता येत नाही. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या घराला सगळ्यात मोठी शिक्षा काय होती, तर मयताला खांदा द्यायला कुणी यायचं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६चा कायदा केला, त्यात अंत्यविधीला आडकाठी करण्याचा उल्लेख मुद्दाम करावा लागला. आजही आत्महत्या झालेल्या घरी लोक दबकत जातात, लवकर उठतात आणि ‘कसं झालं’ विचारत नाहीत, किंवा फारच विचारतात. रिवाजाची माया सगळ्यांना सारखी मिळत नाही. म्हणून मी रिवाज जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. कावळा शिवला नाही म्हणून घरच्यांना तासन् तास उभं करणं, मुलगा नसला की पुतण्या शोधणं, तेराव्याच्या गोडाधोडासाठी कर्ज काढणं, यातलं मला काहीही मान्य नाही. मी स्वीकारलाय तो फक्त आईचा नियम: आपण जायचं.

आता जाते. जायला जिवावर येतं, अजूनही येतं. खरं सांगायचं तर माझ्या तीन आक्षेपांमागे चौथं कारण लपलेलं होतं, ते म्हणजे भीती. दुसऱ्याचं उघडं दुःख समोर आलं की माझं काय होईल ही भीती. तत्त्वं खरी होती, पण ती सोयीचीही होती. भीती काही गेली नाही, फक्त आता तिला विचारून ठरवत नाही.

अनुभवानं काही गोष्टी शिकले. सुटले बिचारे, देवाला आवडले, तुला आता खंबीर व्हायला हवं, ही वाक्यं मी वापरत नाही. ‘कसं झालं’ एवढंच विचारते आणि गप्प बसते. चहा दिला तर घेते आणि कप धुऊन ठेवते. अर्ध्या तासात उठते. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत नाही, कारण कुणी कधी सांगत नाही. त्याऐवजी काम उचलते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, दाखल्याच्या भरपूर प्रती आधीच काढाव्या लागतात, बँक, पेन्शन, विमा, गॅस, वीज प्रत्येकाला एक हवी असते. गावी जमीन असेल तर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं. हे सगळं रडून थकलेल्या माणसाला सुचत नाही. मला भाषणं जमत नाहीत, पण अर्ज छान भरता येतात. दाभोलकरांची व्याख्यानं ऐकलेल्या बाईला शोकाच्या घरात इतकं रास्त काम दुसरं कुठलं मिळणार?

आणि एक बदल मी माझा म्हणून केलाय. मी दुसऱ्या महिन्यात पुन्हा जाते. तेरावं झालं की लोकांचं येणं संपतं आणि दारं एकदम शांत होतात. खरं रितेपण तिथून पुढं सुरू होतं. तेव्हा गेलं की माणूस आधी चकित होतो, आता काय काढलं हिनं, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त बोलतो.

पुण्यात हे सोपं नाही. रखवालदार नाव विचारतो, मोबाइलवर कोड येतो, आणि सोसायटीच्या गटावर कधी कधी स्वच्छ लिहिलेलं असतं: कोणतेही विधी नाहीत, कृपया भेटायला येऊ नये. तशी विनंती असेल तर मी ती पाळते. पूर्वी मीही हेच लिहिलं असतं, आणि लिहिणाऱ्याचं मन मला समजतं. पण महिन्याभरानं फोन करून विचारते, आता येऊ का? अजून तरी कुणी नाही म्हटलेलं नाही. काही घरं हॉलमध्ये पाच ते सहा शोकसभा ठेवतात. मला तेही चालतं. तासभर का होईना, जागा आणि वेळ ठरवून दिलेली आहे.

माझा स्वतःचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी देहदानाचा अर्ज भरला आहे. महाराष्ट्रात त्याला १९४९च्या शरीरशास्त्र कायद्याचा आधार आहे, पण अर्ज भरला म्हणून काम होत नाही, घरच्यांनी वेळेत देह वैद्यकीय महाविद्यालयात पोचवावा लागतो. म्हणून मुलीला बसवून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अगदी व्यावहारिक शंका काढली: “आई, राख नसेल तर सावडणं नाही. सावडणं नाही तर तिसऱ्या दिवशी लोकांनी यायचं कशासाठी?” मला उत्तर आलं नाही. देहदानाच्या निर्णयापासून मी हटणार नाही, पण तिची शंका रास्त होती. विचार करून शेवटी कागदावर लिहिलं: तिसऱ्या दिवशी दुपारी चार ते सात दार उघडं ठेव, सगळ्यांना कळव, फक्त चहा कर. भटजी नको, भाषण नको. कसं झालं असं जो विचारेल त्याला सांग, कितीही वेळा सांगावं लागलं तरी.

तिनं वाचलं आणि म्हणाली, “आणि कुणी आलंच नाही तर?”

तेव्हापासून कुणाकडे जायचं असलं की मी तिलाही चल म्हणते. ती बहुतेक वेळा टाळते. आपली ओळख नाही, त्यांना त्रास नको, जाऊन बोलायचं काय. हे मुद्दे मला खोडता येत नाहीत, कारण ते माझ्याकडूनच तिच्याकडे गेलेत. मी तिला एवढंच सांगते की पटायची वाट बघत बसू नकोस, आधी ये. मला जे पटलं ते सगळं जाऊन आल्यावरच पटलं.